वाघोली : ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा आली नाही

दि. १५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महानगरपालिकेची निवडणूक पार पडली. राज्यातील २९ महापालिकांचे मतदान त्याच दिवशी झाले. कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या याची चर्चा वृत्तपत्रांनी पुरेशी केली आहे. तिची पुनरावृत्ती येथे करण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते वाघोलीकडे. महापालिकेत समाविष्ट झाल्यानंतर येथील नागरिकांनी नगरसेवक निवडण्यासाठी मतदान करण्याची ती पहिलीच वेळ होती. (वसईकर वाचकांना 'वाघोली' म्हणताच नालासोपाऱ्याजवळची वाघोली आठवेल. प्रस्तुत लेखातील वाघोली ही पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्यावर वसलेली आहे.)

ही वाघोली जुनी. शाहू महाराजांच्या काळातील सरदार पिलाजीराव जाधवराव यांचे हे गाव. वाघेश्वराचे मंदिर ही त्याची ओळख. पुढे येथील टेकड्यांमधून दगडखाणी व खडी क्रशर सुरू झाले आणि पुण्याच्या इमारतींना लागणारी खडी येथून जाऊ लागली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील शेकडो मुलांना शिक्षणासाठी आधार मिळाला तो याच गावी, भारतीय जैन संघटनेच्या प्रकल्पात. नंतर शेजारच्या खराडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. तेथे काम करणाऱ्या तरुण कुटुंबांना परवडतील अशा सदनिका वाघोलीत उभ्या राहिल्या. पंधरा-वीस वर्षांत ज्वारीच्या रानांचे दहा-बारा मजली सोसायट्यांत रूपांतर झाले; कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला.

दि. ३० जून २०२१ रोजी राज्य शासनाने २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट केली. वाघोली त्यांपैकी एक. त्या दिवशी पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईलाही मागे टाकून राज्यातील सर्वांत मोठी महापालिका झाली आणि त्याच दिवशी वाघोलीची ग्रामपंचायत संपुष्टात आली. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळालेले आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला कोणीही मनुष्य तेथे उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. वाघोलीकरांचा हा हक्क एका अधिसूचनेसरशी लुप्त झाला.

त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळाले? महापालिकेच्या सभागृहात वाघोलीचा नगरसेवक नव्हता, कारण ते सभागृह २०१७ साली निवडले गेले होते. मार्च २०२२ मध्ये त्या सभागृहाचीही मुदत संपली आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादात निवडणुका लांबत राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तेव्हा हालचाल सुरू झाली. या काळात आयुक्तांनीच अंदाजपत्रक मांडावयाचे आणि आयुक्तांनीच ते मंजूर करावयाचे, अशी रीत पडली. पालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. तरीही साडेचार वर्षे वाघोलीकरांना ना सरपंच होता, ना नगरसेवक.

रहिवासी संघाचे महत्त्व समजावयाचे असेल, तर ही पोकळी आधी नीट लक्षात घेतली पाहिजे. एखाद्या सोसायटीपुढे रस्ता खचला, तर जावयाचे कोठे? पाणी, कचरा व पथदिवे महापालिकेकडे. समावेशानंतर काही दिवसांतच, जुलै २०२१ मध्ये, या गावांच्या नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे, देण्यात आले; त्यामुळे बांधकाम परवानग्यांचे कार्यालय वेगळे. नगर महामार्गाचा प्रश्न निघाला की बांधकाम विभाग व महामार्ग प्राधिकरण यांची नावे पुढे येणार. वाहतुकीसाठी पोलीस, विजेसाठी महावितरण. प्रत्येक दारी एक अर्ज आणि प्रत्येक दारातून दुसऱ्या दाराकडे बोट. एकट्यादुकट्या नागरिकाचा यात निभाव लागणे कठीण.

अशा परिस्थितीत सोसायट्यांचे पदाधिकारी एकत्र आले. 'वाघोली हाऊसिंग सोसायटीज असोसिएशन' हे नाव पुण्याच्या वृत्तपत्रांत वारंवार येऊ लागले. पाणी, खड्डे, वाहतूक कोंडी आणि कचरा ही तिच्या गाऱ्हाण्यांची यादी. कामाची पद्धत सर्वत्र असते तशीच : छायाचित्रांसह तक्रारी, क्षेत्रीय कार्यालयात निवेदने, अधिकाऱ्यांसमवेत पाहणी, माहितीच्या अधिकाराचे अर्ज आणि काहीच हलले नाही तर फलक घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहणे. दिवसभर नोकरी करून आलेली माणसे रात्री बैठकांना बसतात. त्यांना मानधन नसते, पद नसते. अशा कामाविषयी उपहासाने बोलणाऱ्यांनी एकदा तरी महापालिकेच्या खिडकीपुढे रांग लावून पाहावी.

या संघाच्या गाऱ्हाण्यांतील सर्वांत कठीण प्रश्न पाण्याचा आहे. पुण्याच्या परिघावर बांधकामाला परवानगी देताना विकासकाकडून हमीपत्र घेण्याची पद्धत रूढ झाली. पालिकेचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी पुरविण्याची जबाबदारी विकासकाची, असा त्याचा आशय. इमारत पूर्ण होते, सोसायटी नोंदविली जाते, विकासक पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि हमीपत्र कार्यालयाच्या फायलीत पडून राहते. टँकरचे बिल मग सोसायटीच्या मासिक देखभाल शुल्कात मिसळते. घराच्या कर्जाचा हप्ता, देखभाल शुल्क, टँकर आणि वर महापालिकेचा मिळकतकर, असा चौपदरी भार मध्यमवर्गीय कुटुंबावर पडतो. समाविष्ट गावांना पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर लावून पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढवावा, अशी सोय कायद्यात आहे. परंतु सुविधांचे टप्पे कराच्या टप्प्यांबरोबर चालत नाहीत, हीच तर तक्रार आहे.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात 'गिया बारे सिंड्रोम' या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली. रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काही जण दगावले. रुग्णांची गर्दी होती ती सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या भागात. ही सारी महापालिकेत नव्याने आलेली गावे. तेथे विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, केवळ क्लोरीन मिसळून घरोघरी जात होते. नकाशावर शहराची सीमारेषा पुढे सरकविण्यास एक अधिसूचना पुरते. जलवाहिनी पुढे सरकविण्यास वर्षे लागतात. या दोहोंमधील काळात माणसे कोणते पाणी पितात, हे विचारणारा प्रतिनिधी सभागृहात नसला, तर ते रहिवासी संघालाच विचारावे लागते. वाघोलीतील संघाने आणि त्याच्यासारख्या इतर संघांनी ते विचारले, ही त्यांची मोठी सेवा होय.

असे असले तरी, आमच्या मते, येथेच एक कठोर प्रश्न विचारावयास हवा. रहिवासी संघ नेमका कोणाच्या वतीने बोलतो?

अशा संघाचे सभासदत्व बहुधा सोसायट्यांकडे असते आणि सोसायटीचे सभासदत्व सदनिकेच्या मालकाकडे. भाडेकरू सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मत देत नाही. सोसायटीचा पहारेकरी, घरकाम करणारी बाई, जुन्या गावठाणातील शेतकरी, दगडखाणीवरचा मजूर यांचे नाव त्या यादीत नसते. वाघोलीत दगडखाण कामगारांची वस्ती नवी नाही. त्यांच्या मुलांसाठी 'संतुलन' या संस्थेला खाणींच्या परिसरातच पाषाणशाळा चालवाव्या लागल्या, यावरून त्यांचे जगणे कसे असेल हे समजते. ज्या खडीने सोसायट्या उभ्या राहिल्या ती फोडणारा मनुष्य सोसायट्यांच्या संघात नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. संघाची घडणच तशी आहे.

या घडणीचा अर्थ काय होतो, हे २३ डिसेंबर २०२४ च्या पहाटे दिसले. वाघोलीच्या केसनंद फाट्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एक डंपर गेला. तीन जण ठार झाले. त्यांपैकी दोन अगदी लहान मुले होती. सहा जण जखमी झाले. अमरावती जिल्ह्यातून ही माणसे कामासाठी आली होती. चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे पोलिसांनी सांगितले.

त्यानंतर अवजड वाहनांच्या वेळा, वेग आणि चालकांची तपासणी यांवर बोलले गेले आणि ते योग्यच होते. डंपरचा धोका सोसायटीतील शाळकरी मुलालाही आहे. त्यामुळे ती मागणी सर्वांची झाली. परंतु दुसरा प्रश्न मागे पडला : थंडीच्या दिवसांत, लेकराबाळांसह, ही माणसे पदपथावर का झोपली होती? त्या वेळी लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार, कामावर ठेवलेल्या मजुरांना कामाच्या जागी वा जवळपास तात्पुरता निवारा विनामूल्य देणे हे मालकाचे कर्तव्य होते. पण नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करणाऱ्या मजुराचा मालक रोज बदलतो. त्याच्यापुरता तो कायदा कागदावरच राहतो. महापालिकेचे निवारागृह हा दुसरा मार्ग. परंतु तो मागावयाचा तर मागणारा कोणी हवा. त्या मजुराचे मत त्याच्या गावी असते. वाघोलीत तो कोणाचाच मतदार नाही आणि कोणत्याच संघाचा सभासद नाही.

आता नगरसेवक आले आहेत. म्हणून रहिवासी संघाचे काम संपले, असे कोणी समजू नये. तसेच, आजवर आम्हीच वाघोलीचे प्रतिनिधी होतो, यापुढेही आम्हीच राहणार, अशी भूमिका संघानेही घेऊ नये. दोघांनी मिळून करावयाचे एक काम समोर आहे. राज्याच्या महापालिका कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली. काही मतदान केंद्रे मिळून एक क्षेत्र, त्या क्षेत्राच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती सभेची सदस्य आणि ती सभा नगरसेवकाने बोलवावयाची, असे तिचे स्वरूप. थोडक्यात, ही शहराची ग्रामसभा. येथे सदनिकेचा मालक, भाडेकरू, पहारेकरी आणि गावठाणातील शेतकरी यांचे मत सारखेच. दुर्दैवाने ही तरतूद अमलात आणण्याची घाई कोणत्याही पक्षाने दाखविली नाही. ग्रामसभा गमावलेल्या वाघोलीने ती मागावी, याहून योग्य मागणी कोणती?

ही कल्पना स्वप्नाळू नाही. मुंबईत २००७ साली जुहूच्या नागरिक गटांनी एकत्र येऊन अॅडॉल्फ डिसोझा यांना अपक्ष म्हणून उभे केले आणि ते निवडून आले. संघटित रहिवासी निवेदनांपलीकडे जाऊन सार्वजनिक जबाबदारी घेऊ शकतात, याचा तो दाखला आहे. याच्या उलट बाजूचा अनुभव वसईकरांनी घेतला. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हा अनेक गावांनी समावेशास कडवा विरोध केला. वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. पुढे २०२० च्या मध्यापासून जानेवारी २०२६ पर्यंत तेथेही प्रशासकाचेच राज्य होते. वसईच्या गावांनी समावेश नको म्हटले. वाघोलीच्या सोसायट्यांना तो हवा होता. वाट्याला मात्र दोघांच्याही प्रतिनिधीविना कारभारच आला. म्हणूनच समावेशाच्या बाजूने असो वा विरुद्ध, स्थानिक सभेचा आग्रह दोघांनीही धरला पाहिजे.

मात्र क्षेत्रसभेतही अमरावतीच्या मजुराचे नाव असणार नाही, हे विसरून चालणार नाही. जो ना मतदार, ना मालक, त्याच्यासाठी कायद्याने जागा ठेवलेली नाही. ती शेजाऱ्यांनीच ठेवावयाची असते. रहिवासी संघाच्या निवेदनात पाणी, रस्ता, कचरा या मागण्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहिता येईल : केसनंद फाट्याजवळ मजुरांसाठी निवारा. तिला खर्च येत नाही. दोनशे सोसायट्यांचा शिक्का असलेल्या कागदावर ती आली, तर अधिकाऱ्याला ती वाचावी लागेल.

दि. २५ जून २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडीपासून वाघोलीकडे जाणाऱ्या मेट्रोच्या विस्तारास मंजुरी दिली. उद्या मेट्रो येईल, आणखी इमारती उठतील, त्यांसाठी आणखी मजूर येतील. तेही कोठेतरी झोपणारच आहेत.

आमचे अनेक वाचक पुण्यात, मुंबईत, वसईत अशाच सोसायट्यांत राहतात. कित्येक जण समितीवर आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली, की आपण बहुधा देखभाल शुल्क आणि वाहनतळ हे दोनच विषय पाहतो. पुढील सभेपूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या विकासकाने पाण्याचे हमीपत्र दिले होते काय, आणि त्याची प्रत सोसायटीकडे आहे काय? आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना क्षेत्रसभा बोलविण्याविषयी कोणी लेखी विचारले आहे काय? आणि आपल्या शेजारी चाललेल्या बांधकामावरील मजूर रात्री कोठे झोपतात?

पहिल्या दोन प्रश्नांना कागद लागेल. तिसऱ्यासाठी रात्री जेवण झाल्यावर गेटबाहेर पाच मिनिटे चालत गेले तरी पुरेल.