जहाजावरील आचाऱ्याची परीक्षा

स्वयंपाक येतो कीं नाहीं, याचा दाखला आपल्या घरांत कोणी मागत नाहीं. सासूबाई सुनेच्या हातची आमटी चाखून पाहतात, आणि परीक्षा तेथेंच संपते. बिघडलेली आमटी दुसऱ्या पंक्तीपूर्वीं सुधारतांहि येते. व्यापारी जहाजाची गोष्ट वेगळी. भर समुद्रांत नासक्या अन्नानें २० माणसें एकदम आडवीं झालीं, तर जहाज चालवावें कोणीं? म्हणूनच तेथील आचाऱ्याच्या पळीमागें कायदा उभा राहिला.

चिनी आचाऱ्याच्या वाट्याला हा कायदा कसा आला, तें पाहण्यासारखें आहे. ब्रिटनच्या १९०६ च्या कायद्यानें तेथून निघणाऱ्या १००० टन व त्यांवरील परदेशगामी जहाजांवर दाखलेवाला आचारी आवश्यक केला. त्याच कायद्यांत दुसरें एक कलम होतें : हुकूम समजण्यापुरतें इंग्रजी ज्याला येत नाहीं, त्याला तेथील बंदरांत खलाशी म्हणून घेऊं नये. ब्रिटिश प्रजाजनांना मात्र सूट होती. अर्थात् हाँगकाँगांत वा सिंगापुरांत जन्मलेला चिनी सुटे, आणि शेजारच्या क्वांगतुंग प्रांतांतला अडके. भाताची परीक्षा शितावरून करावयाची, ती येथें शेतावरून होऊं लागली!

पुढें १९४६ सालीं सिएटल येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें आचाऱ्यांच्या दाखल्याविषयीं स्वतंत्र करार केला. स्वयंपाक करून दाखविणें, अन्नाचे पोषक गुण, समतोल जेवणाची आंखणी आणि सांठवण, हे परीक्षेचे विषय ठरले. हाच वारसा २००६ च्या सागरी कामगार कराराकडे आला. भारत व चीन या दोघांनींहि त्यास २०१५ सालीं मान्यता दिली. त्याप्रमाणें १८ वर्षांखालील कोणासहि आचारी नेमतां येत नाहीं, आणि खलाशांचा धर्म व रीतिरिवाज ध्यानांत घेऊन अन्न द्यावें लागतें. पंक्तीला कोणाला काय वर्ज्य आहे, हें चिनी आचाऱ्यालाहि जाणावें लागतें.

आमच्या मतें दाखला अवश्य मागावा; पण त्यानें हातचें कसब पाहावें, जन्मगांव नव्हे. आपल्या घरांत असा कागद नको, हें खरें. तथापि उरलेलें अन्न किती वेळ ठेवावें, मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या ताटांत काय वाढावें, हे त्या परीक्षेंतले प्रश्न घरोघर विचारण्याजोगे आहेत. मात्र त्यांचीं उत्तरें एकट्या सुनेकडून मागूं नयेत. पाटावर बसणाऱ्या पुरुषांनींहि तीं द्यावींत.