आरोग्यचर्चा : पोहणाराचा दम

इ. स. १९५६ सालीं मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत २०० मीटरांची ब्रेस्टस्ट्रोक शर्यत पाहणारांस एक नवल दिसलें. मासारू फुरुकावा हा जपानी जलतरणपटु बहुतेक अंतर पाण्याखालूनच कापीत गेला आणि सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. पृष्ठभागावर लाटांचा अडथळा होतो. खालीं तो कमी, म्हणून वेग अधिक, हें त्यांतील मर्म. परंतु लवकरच नियम बदलून ही रीत बंद करण्यांत आली. आज फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक व बटरफ्लाय या प्रकारांतहि आरंभीं व प्रत्येक वळणानंतर १५ मीटरांपलीकडे पाण्याखालीं राहतां येत नाहीं.

स्पर्धेसाठीं नित्य सराव करणारांचीं फुप्फुसें समवयस्कांपेक्षां बहुधा अधिक हवा घेतात. यांत उपजत घडणीचा भाग आहेच. पण पाण्याचा दाब छातीवर पडत असल्यामुळें प्रत्येक श्वासास अधिक श्रम होतात, व त्यायोगें श्वसनाचे स्नायु बळकट होतात. तथापि मोठ्या फुप्फुसांनाहि मर्यादा आहे.

श्वास घेण्याची तळमळ होते ती मुख्यतः प्राणवायु घटल्यामुळें नव्हे, तर रक्तांत कार्बन डायॉक्साइड वायु सांचल्यामुळें. बुडी मारण्यापूर्वीं भराभर दीर्घ श्वास घेतले असतां हा वायु निघून जातो. प्राणवायूचा सांठा मात्र फारसा वाढत नाहीं. मग जीव घाबरा होण्याच्या आधींच मेंदूस प्राणवायु अपुरा पडून शुद्ध हरपते. ना धडपड, ना हांक! कांठावरच्यांना वाटतें, पोरानें दम चांगला धरला आहे.

सुटींत आते-मामेभावंडें गांवच्या विहिरीवर जमलीं कीं, ‘अधिक वेळ बुडी कोणाची ?’ ही पैज लागतेच, आणि काका कांठावर बसून कौतुकानें आंकडे मोजतात. ही पैज घरांतून कायमची काढून टाकावी. मुलांना, आणि मुलींनाहि, पोहावयास अवश्य शिकवावें. पण तोंड पाण्यांत असतां श्वास सावकाश सोडणें व तोंड वर येतांच घेणें, हीच संवय लावावी. बुडी मारलेलें मूल निश्चल दिसलें, तर वडीलधाऱ्यांनीं पुढचा आंकडा मोजूं नये. त्याला तत्काळ वर काढावें, आणि श्वास बंद असल्यास तोंडानें श्वास देण्यास लागावें.