जीभ वळवावी लागते

परराष्ट्र सेवेचा विषय निघाला की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "तिथे फ्रेंच, जर्मन बोलावे लागते. आपल्या पोरांची जीभ तिकडे कशी वळणार?" मग सनदी परीक्षेचा अर्ज भरताना मुलगी परराष्ट्र सेवेला पसंतीक्रमात खाली ढकलते. वर्षानुवर्षे अभ्यास केलेला असतो आणि माघार घेतली जाते ती अजून न शिकलेल्या भाषेच्या धाकाने. या वेळी आम्ही या धाकाबद्दलच लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, ही भाषा आधी यावी लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतूनही देता येते. इंग्रजीचा पेपर पात्रतेपुरता असतो, त्याचे गुण क्रमवारीत धरत नाहीत. परकी भाषा येते ती निवड झाल्यावर. मसुरीचे आणि दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेतले प्रशिक्षण झाले की अधिकाऱ्याला अरबी, चिनी, रशियन, स्पॅनिश अशी एक भाषा नेमून दिली जाते आणि ती शिकण्यासाठी परदेशी पाठवले जाते. खर्च सरकारचा. मात्र तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. म्हणजे धाक अगदीच खोटा नाही.

आता प्रश्न उपजत अंगाचा. गाण्याचे अंग असते तसे भाषेचेही असते, हे खरे. अमेरिकेत १९५९ साली जॉन कॅरोल आणि स्टॅन्ले सॅपॉन यांनी ते मोजण्याची चाचणीच प्रसिद्ध केली. पण याच कॅरोल यांनी १९६३ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली : एखाद्या विषयाचे अंग म्हणजे तो शिकायला लागणारा वेळ. ज्याला अंग आहे त्याला कमी वेळ लागतो, ज्याला नाही त्याला जास्त. दार दोघांनाही उघडे असते.

वेळ किती, याचा हिशेबही उपलब्ध आहे. अमेरिका आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, तेव्हा फ्रेंच किंवा स्पॅनिशसाठी साधारण सहा-सात महिने धरते. हिंदीसाठी ४४ आठवडे धरते. चिनी, जपानी, कोरियन आणि अरबीसाठी ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास. आपण बाजारात सहज बोलतो ती हिंदी शिकायला शिकलेसवरले अमेरिकन अधिकारी जवळजवळ वर्षभर घासतात. त्यांना कोणी मठ्ठ म्हणत नाही.

आपल्या मुलांना मात्र शाळेत 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटले म्हणून हसतात. ते हसू मनात रुतून बसते आणि मूल स्वतःला भाषेत कच्चे समजू लागते. खरे तर घरची बोली, शाळेची मराठी आणि बाजारची हिंदी अशा तीन वाटांनी ते रोज चालत असते.

शिवाय मराठीने आपल्याला बरीच शिदोरी दिली आहे. जर्मन आणि रशियन भाषांत तीन लिंगे आहेत, ती मराठीतही आहेत. रशियनमध्ये नामाला विभक्ती लागते, ती आपण शाळेत घोकलेलीच असते. जर्मनमधला 'त्स' हा उच्चार आपल्या 'चाक'मधल्या 'च'चाच. जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी येते. इंडोनेशियाच्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' यांना वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत तो भेद नाही.

पदवीच्या वर्षांतच एखादी परकी भाषा धरली तर शिकण्याची सवय लागते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग आहेत. एकच भाषा निवडावी आणि रोज तासभर बसावे. रविवारी सहा तास बसून सोमवार ते शनिवार वही मिटून ठेवण्यात अर्थ नाही. नवे शब्द दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा पाहावेत. मोठ्याने वाचावे. चुकले तरी बोलावे.

यात आयांनाही काम आहे. मुलीने वहीत एका बाजूला मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूला परक्या शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहावा. आईने स्वयंपाक करता करता मराठी शब्द विचारावा आणि उत्तर वहीत ताडून पाहावे. त्यासाठी आईला ती भाषा यावी लागत नाही.

केरळमधल्या खेड्यातल्या गरीब दलित घरातून आलेले के. आर. नारायणन १९४९ साली परराष्ट्र सेवेत गेले. रंगून, टोकियो, लंडन, हनोई असे त्यांचे मुक्काम झाले. १९७६ साली ते चीनमध्ये राजदूत झाले, पुढे अमेरिकेत, आणि १९९७ साली राष्ट्रपती. या सेवेत दर काही वर्षांनी देश बदलतो आणि कानांवर नवी भाषा पडते. तिथे एका भाषेचे अंग फार काळ पुरत नाही. पुरते ती पुन्हा पहिल्या धड्यापासून बसण्याची तयारी.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, मुलगी पसंतीक्रम भरायला बसेल तेव्हा तिला "तुला जमणार नाही" म्हणू नका. किती तास लागतील एवढेच तिच्याबरोबर बसून मोजा, आणि तेवढे तास तिला घरकामातून मोकळे करा.