वंध्यत्वचिकित्सेतील सौमनस्याचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची जी गणना आली आहे, तीत गर्भधारणेस उपकारक अशा भावांमध्ये सौमनस्यास अग्रस्थान दिलेले आहे. त्याच गणनेत दौर्मनस्य हे अवृष्य भावांमध्ये आणि विषाद हा रोगवर्धक भावांमध्ये अग्रणी मानला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ही वचने विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहेत. अपत्यासाठी वर्षानुवर्षे झुरणारी स्त्री समोर येऊन बसली की ती आपोआप आठवतात आणि आपण सांगून मोकळे होतो, "ताई, मन प्रसन्न ठेवा. चिंता सोडा, म्हणजे सर्व काही होईल." हे वाक्य आम्हीही आजवर शेकडो वेळा उच्चारले आहे. ते यापुढे उच्चारू नये, या मतास आम्ही का आलो, हे वैद्यबंधुभगिनींसमोर आणि औषधविक्रेत्या मित्रांसमोर ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच.

ओळख पटेल असा तपशील वगळून एक हकीकत सांगतो. विवाहास आठ वर्षे झालेली, चौतीस वर्षे वयाची एक रुग्णा सासूबाईंसमवेत आमच्याकडे आली. यजमान बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना आत बोलवावे असे सासूबाईंना वाटले नाही आणि आम्हांसही सुचले नाही. नाडी, आर्तवाचा इतिहास, सोनोग्राफीचा जुना अहवाल पाहून आम्ही चिकित्सा आरंभिली. स्नेहन, बस्ती, फलघृत असा क्रम नऊ महिने चालला. दर महिन्यास ती यायची आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी मान खाली घालून सांगायची, "पाळी आली." आम्ही घृताची मात्रा पाहायचो आणि मन प्रसन्न ठेवण्याचा उपदेश पुन्हा करायचो. दहाव्या महिन्यात यजमान स्वतःच्या अम्लपित्तासाठी आले, तेव्हा सहज म्हणून त्यांना वीर्यतपासणी करून घेण्यास सांगितले. अहवालात शुक्राणू शून्य होते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हाही शून्यच.

दोघांना समोर बसवून आम्ही हे सांगितले. यजमान काही बोलले नाहीत. बाईंनी एवढेच विचारले, "मग इतके दिवस मी आनंदी राहत नाही म्हणून होत नाही, असे समजून स्वतःलाच बोल लावत होते, ते उगीचच का?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. नऊ महिने व्यर्थ गेले, हे एक वेळ चिकित्सेतील चूक म्हणून मान्य करता येईल. परंतु त्या नऊ महिन्यांत आम्ही तिच्या दुःखात अपराधाची भर घातली, ही गोष्ट अधिक गंभीर होती.

यात शास्त्राचा दोष नाही. शास्त्र आम्ही अर्धेच वाचले होते. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही चार अंगे सांगितली आहेत. चरकाच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायात सप्रजा स्त्रीलाही गर्भ विलंबाने का राहतो, याची कारणे दिली आहेत. त्यांत योनिदोष आहे, मनाचा संताप आहे, शुक्राचा आणि आर्तवाचा दोष आहे, आहारविहाराचा दोष आहे, अकाली समागम आहे आणि बलक्षयही आहे. म्हणजे मन हे अनेकांतील एक कारण होय. आपण मात्र इतर कारणांचा शोध घेण्यापूर्वीच त्यावर बोट ठेवतो. कारण त्यास तपासणी लागत नाही, खर्च लागत नाही आणि अपयश आल्यास ते रुग्णेच्याच पदरात टाकता येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाजीकरणाच्या अध्यायात चरकाचार्यांनी निरपत्यास छायाहीन, फलहीन, एकाकी वृक्षाची उपमा दिली आहे. ती उपमा पुरुषास उद्देशून आहे. ती कठोर आहे आणि आजच्या काळात कोणाही निपुत्रिकासमोर उच्चारण्याजोगी नाही, हे खरे. तथापि ग्रंथकारांनी तेथे जो पुरुष उभा केला, त्याला आपल्या समाजाने बाहेरच्या बाकावर बसविले आणि सारा भार स्त्रीच्या ओटीत टाकला. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह आढळते, हे आता सर्वमान्य आहे. असे असता पुरुषाची तपासणी शेवटी करणे हे कोणत्या न्यायाचे?

आधुनिक संशोधनही येथे उपयोगी पडते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात १४ संशोधनांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. प्रजननसाहाय्याच्या उपचारांपूर्वी असलेला मानसिक ताण आणि त्या उपचारचक्राचे यशापयश यांचा संबंध त्यात आढळला नाही. दुसरीकडे, १९९३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात वंध्यत्वाने पीडित स्त्रियांमधील चिंता व विषाद यांची पातळी कर्करोगाच्या आणि हृद्रोगाच्या रुग्णांशी तुलना करण्याइतकी असल्याचे दिसले. ही दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवली तर अर्थ स्पष्ट होतो. या स्त्रियांचे दुःख अत्यंत खरे आणि मोठे आहे. परंतु अश्रू ढाळल्यामुळे गर्भ राहिला नाही, असे त्यांना सांगण्यास आधार नाही.

यावर कोणी विचारील की, मग आचार्यांचे सौमनस्याचे वचन खोटे मानावयाचे काय? मुळीच नाही. गर्भिणीच्या परिचर्येत तिला प्रिय आणि हितकर अशा गोष्टींनी सांभाळावे, असे शास्त्र सांगते. ही आज्ञा तिच्या भोवतालच्या माणसांना आहे. सौमनस्य हे काढ्यासारखे रुग्णेने घोटभर प्यावयाचे द्रव्य नव्हे. ते पतीने, कुटुंबाने आणि वैद्याने तिला मिळवून द्यावयाचे असते. वचनाचा हा अर्थ स्वीकारला की आपले कर्तव्यही बदलते.

तिच्या भोवतालची स्थिती कशी असते, ते आपण सारे जाणतो. लग्नास वर्ष झाले नाही तोच "गोड बातमी केव्हा?" असे विचारले जाते. जावेच्या डोहाळजेवणास तिला बोलवावे की न बोलवावे, यावर घरात कुजबुज होते. बोलवले तरी ओटी भरण्याच्या वेळी तिला मागे ठेवले जाते. बारशाच्या घुगऱ्या हातात घेऊन ती लवकर निघून येते. त्यातच दर महिन्याची रजःप्रवृत्ती तिच्यासाठी नव्या शोकाची वार्ता घेऊन येते. मृत्यूच्या दुःखात लोक भेटावयास येतात. या दुःखात कोणी येत नाही, कारण काही घडलेच नाही असे सर्व जण मानतात. अशा स्त्रीस 'मन प्रसन्न ठेवा' असे सांगणे म्हणजे तहानलेल्यास 'तहान लागू देऊ नका' असे सांगण्यासारखे आहे.

तेव्हा प्रत्यक्ष व्यवहारात काय करावे? आम्ही आमच्या चिकित्सालयात जे नियम केले, ते नम्रपणे मांडतो.

पहिला नियम असा की, पहिल्या भेटीस पती-पत्नी दोघांनी आत यावे. सासूबाईंना आदराने बाहेर बसवून त्यांच्याशी नंतर बोलावे. दोन ते सात दिवसांच्या ब्रह्मचर्यानंतर केलेली वीर्यतपासणी हाती येईपर्यंत स्त्रीची दीर्घ चिकित्सा सुरू करू नये. दोष आढळल्यास तपासणी पुन्हा करावी. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून पुरुषाच्या चिकित्सेचा परिणाम तीन महिन्यांपूर्वी जोखू नये. स्त्रीच्या बाबतीत बीजकोषांचे कार्य, गर्भाशय, बीजवाहिन्या आणि थायरॉइड यांची माहिती घ्यावी. आपल्या देशात जननमार्गाचा क्षय हे बीजवाहिन्या बंद होण्याचे महत्त्वाचे कारण आहे, हे विसरू नये.

दुसरा नियम काळाचा. नियमित समागमानंतर १२ महिन्यांत गर्भ न राहिल्यास तपासणी करावी, हा सामान्य संकेत आहे. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांतच तपासणी करावी आणि चाळिशीपुढे अजिबात थांबू नये. 'आयुर्वेदास वेळ लागतो' हे वाक्य संधिवातात चालेल. स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वयानुसार घटत असता ते येथे चालणार नाही. म्हणून केसपेपरवर पहिल्याच दिवशी तारीख लिहावी की, अमुक महिन्यापर्यंत आमची चिकित्सा, त्यानंतर तज्ज्ञांकडे. साध्यासाध्यत्व न पाहता चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा अर्थ, विद्या आणि यश ही तिन्ही नष्ट होतात, असा इशारा आचार्यांनीच दिला आहे.

तिसरा नियम टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेत असलेल्या दाम्पत्यांविषयी. ही मंडळी आपल्याकडेही येतात आणि पुष्कळदा दोन्हीकडे एकमेकांची औषधे लपवितात. त्यांना न रागावता विचारावे. चालू असलेले प्रोजेस्टेरॉन किंवा थायरॉइडचे औषध आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये आणि आपण काय देतो ते तेथील डॉक्टरांना लेखी कळवावे. बीजोत्तेजन चालू असताना किंवा गर्भरोपणानंतर रसकल्प व तीव्र शोधन देऊ नये. गर्भरोपण आणि रक्ततपासणी यांमधील सुमारे दोन आठवडे फार कठीण असतात. त्या काळात एखादा दूरध्वनी करावा. निकाल प्रतिकूल आला तर त्याच आठवड्यात पुढच्या प्रयत्नाची गोष्ट काढू नये. २०२१ च्या प्रजननसाहाय्य तंत्रज्ञान नियमन कायद्याने चिकित्सालयांवर समुपदेशनाचे आणि यशाची शक्यता समजावून सांगण्याचे बंधन घातले आहे, हेही दाम्पत्यास ठाऊक असावे. झोप, भूक हरपली असेल किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे निघाले, तर मानसरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे.

आता औषधविक्रेत्या मित्रांसाठी थोडे. दुकानाच्या पायरीवर उभी राहून हलक्या आवाजात 'मूल होण्याचे औषध' मागणारी स्त्री आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला बाटली देण्यापूर्वी तिचे वय, लग्नास झालेली वर्षे आणि यजमानांची तपासणी झाली का, हे तीन प्रश्न विचारावेत व वैद्याकडे पाठवावे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्त्रियांच्या वंध्यत्वाचा उल्लेख आहे. तेव्हा 'तीन महिन्यांत हमखास संतान' असा फलक दुकानात लावणे हा केवळ अशिष्टपणा नाही, तो अपराध आहे. 'मुलगाच होईल' असे सांगून औषध देणे तर लिंगनिवड प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते. अपत्याचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी पुरुषबीजावरून ठरते. त्यानंतरचे कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. पुरुषांसाठीही एक सूचना आहे. शरीरसौष्ठवासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्राणूंची निर्मिती दबते. हे विक्रेत्याने एका वाक्यात सांगितले तरी एखाद्या घराचे कल्याण होईल.

शेवटचा प्रश्न थांबण्याचा. सर्व उपाय करूनही काही दाम्पत्यांना अपत्य होत नाही. त्यांना 'आणखी एक प्रयोग करून पाहू' असे सांगत राहणे हे आशेचे दान वाटते, पण त्यात त्यांची पुंजी आणि उमेदीची वर्षे जातात. दत्तकाचा मार्ग असला तरी त्यालाही प्रतीक्षा आणि वयाची मर्यादा आहे. २०२२ च्या नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतचे बालक घेण्यासाठी दाम्पत्याच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक असून चालत नाही. ही माहिती पंचेचाळिशीनंतर देण्यात काय अर्थ? दत्तक न घेता दोघांनीच समाधानाने जगावे असे ज्यांना वाटते, त्यांच्या निर्णयाचाही वैद्याने मान राखावा. मैत्री आणि कारुण्य या वैद्यवृत्ती आहेत. औषध संपले म्हणून त्या संपत नाहीत.

वर उल्लेखिलेले दाम्पत्य पुढे तज्ज्ञांकडे गेले. तेथे काय झाले, ते सांगण्याचा अधिकार त्यांचा आहे. आमच्या संग्रही राहिला तो त्या बाईंचा प्रश्न. त्यानंतर आम्ही चिकित्सालयात दाराबाहेरचा तो बाक आत घेतला आणि टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या. प्रत्येक वैद्याने आपल्याकडे एवढा बदल तरी करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.