विश्लेषण : ‘गुलदार’मुळे मालवणच्या प्रवाळांवरचा ताण कमी होईल?

‘आयएनएस गुलदार’ ही नौदलाची निवृत्त नौका सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याच्या प्रकल्पाची बरीच चर्चा झाली. जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून बाहेर पडलेली ही सुमारे ८३ मीटर लांबीची नौका स्कूबा डायव्हिंगसाठी आकर्षण ठरेल, यात शंका नाही. पण त्यामुळे मालवणच्या नैसर्गिक प्रवाळांवरची गर्दी हटेल, ही अपेक्षा कितपत खरी?

गर्दी नेमकी कोणाची?

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती लक्षद्वीपसारखी प्रवाळ बेटे नाहीत. इथे पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती चिकटून वाढतात. पावसाळ्यातला गाळ आणि गढूळपणा सोसणाऱ्या गोलसर, दगडासारख्या जाती त्यात जास्त दिसतात. त्यांची वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर किंवा त्याहून कमी. म्हणजे फुटबॉलएवढी वसाहत तुटली, तर किमान दहा वर्षांची वाढ गेली.

इथे येणारे बहुतेक पर्यटक आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली उतरतात. अनेकांना पोहताही येत नाही. पाण्यात एकाच पातळीवर स्थिर राहणे हे स्कूबाचे खरे कौशल्य. ते अर्ध्या तासाच्या सूचनांत येत नाही. मग पाय खडकावर टेकतो, फोटोसाठी हात प्रवाळावर जातो. होडीचा नांगर पडतो तोही तिथेच.

बुडवलेल्या नौकेवरून होड्या सुरक्षित जायच्या, तर पुरेशी खोली लागते. नवख्यांना मात्र काही मीटरच खाली नेतात. त्यामुळे ‘गुलदार’कडे मुख्यतः प्रशिक्षित डायव्हर वळतील. प्रवाळांना जास्त धोका ज्यांच्यापासून आहे, ते उथळ खडकांवरच राहतील.

लोखंडावर शेवाळ, शिंपले आणि त्यामागून मासे लवकर येतात. कठीण प्रवाळ मात्र सावकाश रुजतात.

उष्णतेचा मारा

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने जगभरातील चौथी प्रवाळ-विरंजन घटना जाहीर केली. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्यातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. समुद्राचे तापमान मालवणच्या हातात नाही, पण आजारी प्रवाळावर नांगर पडू न देणे नक्कीच आहे.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षणही आहे. मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिकांनी अभयारण्याला विरोध केला आणि ती भीती निराधार नव्हती. आता मात्र मच्छीमार कुटुंबांतलीच अनेक मुले स्कूबाच्या होड्या चालवतात, त्यामुळे हे खडक त्यांचेच भांडवल झाले आहेत. होड्या बांधायला कायमचे बोये आणि प्रत्येक ठिकाणी एकावेळी किती जण उतरतील याची मर्यादा, या दोन गोष्टींना युद्धनौकेइतका खर्च येत नाही. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, तेव्हा नियम ठरवायला वेळही मिळतो.