भुईआवळ्याची परीक्षा

डोळे पिवळे दिसू लागले की डॉक्टरांच्या आधी भुईआवळ्याची आठवण व्हावी, हा महाराष्ट्रातील अनेक घरांचा जुना शिरस्ता आहे. आता तीच वनस्पती 'यकृताला पूरक' म्हणून चूर्णाच्या व कॅप्सूलच्या रूपाने विकली जाते. या श्रद्धेची टिंगल करण्याचे मुळीच कारण नाही. १९८८ साली मद्रासमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यक साप्ताहिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा जाणतेही चकित झाले होते. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात बाळगणाऱ्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळा दिला असता २२ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली. औषधाच्या नावाने नुसतीच भुकटी घेणाऱ्या २३ जणांत हे भाग्य एकाच्याच वाट्याला आले. या संशोधनात खुद्द या विषाणूचे शोधक, १९७६ चे नोबेल मानकरी बरूच ब्लुमबर्ग सहभागी होते!

परंतु पुढे थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये हीच वनस्पती देऊन पाहिली गेली, ती निष्फळ ठरली. २०११ साली 'कॉक्रेन' या संस्थेने भुईआवळ्याच्या वर्गातील वनस्पतींवरील प्रयोगांचा आढावा घेतला. त्यातही खात्रीलायक पुरावा हाती लागला नाही.

मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचे काय? तो खोटा नाही, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जे पोटात गेले, मग तो भुईआवळा असो वा उसाचा रस, त्याच्या पदरात यशाचे माप पडते. 'बी'चा विषाणू मात्र डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षे यकृत पोखरीत राहतो आणि काही रुग्णांना सिऱ्होसिस वा कर्करोगापर्यंत नेतो. एका आजारात फुकट मिळालेले प्रशस्तिपत्र दुसऱ्या, अधिक घातक आजारात वटविले जाते, हा खरा धोका आहे. कॅप्सूलच्या भरवशावर, डॉक्टरांना न विचारता, चालू गोळी सोडल्यास दबलेला विषाणू पुन्हा उसळतो. प्रसंगी यकृत निकामी होते. वास्तविक २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये या रोगाची तपासणी व औषधे सरकारी उपचार केंद्रांत विनामूल्य देण्याची तरतूद आहे. कॅप्सूलसाठी मात्र रुग्णाला पदरचे पैसे मोजावे लागतात.