अंकांचा कंठहार आणि नवाचा ताळा

राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने तो १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा एकावर उतरणारा जणू कंठहारच! ही संख्या १११११११ची नव्हे, सहा एकांची, म्हणजे ११११११ ची वर्गसंख्या होय. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा; आणि २१ × ५२९१ = ११११११.

आता पेढीवरचा नवाचा ताळा लावून पाहा. ४४१ चा ताळा ९. मग दुसरी संख्या चुकीची लिहिली तरी गुणाकाराचा ताळा ९ च येणार. अंकांची अदलाबदलही ताळ्याला उमगत नाही. गेल्या दिवाळीत माझ्याच वहीत ४६ चे ६४ झाले. ताळा जुळला, रोकड जुळेना. फरक १८ चा, नवाने निःशेष भागला जाणारा. तेव्हा कोठे संशय आला.

आमच्या जासईवरून बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या क्रमांकातील शेवटचा, चौकटीतला अंक याचसाठी असतो. तो काढताना प्रत्येक स्थानास १, २, ४, ८ असा दुप्पट भार देऊन बेरजेस ११ ने भागतात. त्यामुळे जागा बदललेले अंक बहुधा पकडले जातात.